आठपैकी साडेतीन

(स्मृती व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाचा संपादित मजकूर)



दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. त्यातले १८ गद्याला, १६ पद्याला, ६ स्थूलवाचनाला, १६ भाषाभ्यासाला आणि उरलेले २४ उपयोजित लेखनाला. या २४ गुणांचीही वाटणी ठरलेली आहे. पत्र किंवा सारांश ६, जाहिरात-बातमी-कथा यांपैकी कोणतेही दोन मिळून १०, आणि सगळ्यांत शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांतलं एक, त्याला ८. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं आपल्या मनानं सलग काही लिहायचं, तर त्याला जागा आहे या आठ गुणांची. तीही तीन तासांच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, बोटं दुखायला लागल्यावर.

मी आज या आठ गुणांबद्दल बोलणार आहे. मुलांना लिहिता येत नाही ही तक्रार आपण सगळेच करतो. वर्तमानपत्रांत निकालाच्या दिवसांत ती हमखास छापून येते. पण मुलांनी लिहिलेलं आपल्याला वाचता येतं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. २००५ पासून निघणारा 'असर'चा अहवाल खेड्यापाड्यांतल्या मुलांचं वाचन आणि गणित पाहतो, २०१७ आणि २०२३ साली त्यानं चौदा ते अठरा वयाच्या मुलांकडे मुद्दाम लक्ष दिलं. त्यावर आपण वाद घालतो, आणि ते चांगलंच आहे. पण या वयाच्या मुलांच्या लेखनाचा दर्जा कशाला म्हणायचा, यावर एका स्टाफरूममधल्या चार शिक्षकांचंही एकमत होत नाही. होतं असं वाटतं, कारण गुण जवळजवळ सारखे पडतात. ते का सारखे पडतात, तिकडे मी येणार आहे.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मराठी शिकवत. त्यांच्या हातची तपासलेली वही इथं बसलेल्यांपैकी काहींनी जपून ठेवली असेल. तिच्यात गुण क्वचित दिसतील आणि समासात प्रश्न फार. 'हे तू पाहिलंस की ऐकलंस?' असा एक प्रश्न त्या वारंवार लिहीत. आजचं माझं म्हणणं त्यांच्या या सवयीच्या आसपासच आहे.

आता दोन उतारे वाचतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका शाळेच्या नववीच्या सहामाहीतले. मुलांची नावं सांगत नाही, शाळेचंही नाही. विषय होता 'वादळी पावसाची रात्र'.

पहिला असा सुरू होतो: 'निसर्ग हा मानवाचा खरा मित्र आहे, परंतु कधीकधी तो आपले रौद्र रूप धारण करतो. त्या रात्री आकाशात काळ्याकुट्ट ढगांनी गर्दी केली होती. विजांचा लखलखाट आणि ढगांचा गडगडाट यांमुळे सर्वांच्या काळजाचा थरकाप उडाला. सोसाट्याचा वारा जणू तांडवनृत्य करत होता.'

दुसरा असा: 'बाबा रात्री भिजून आले. काही बोलले नही. आईने च्या ठेवला. बाबांनी घेतला नही. मंग म्हने सगयी केयी आडवी झाली. आजी म्हने झोपा आता सकायी मोजू. कोनीच झोपले नही पन सगये डोये मिटून पडले.'

पहिल्याला आठपैकी सात मिळाले. दुसऱ्याला साडेतीन आणि वर लाल शाईत शेरा: 'वर्णन अपुरे. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.'

तपासणाऱ्या शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे वाचलं नाही. त्यांनी आळस केला नाही, उलट चुकलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारली आहे. त्यांच्यासमोर मुद्दे होते: सुरुवात, वर्णन, भाषाशैली, शेवट, शुद्धता. त्या मुद्द्यांवर पहिला उतारा सातच्याच लायकीचा आहे.

पण जरा जवळ जाऊ. पहिल्या उताऱ्यात कोणी भिजलेलं नाही. कोणतं गाव, कोणतं पीक, घरात कोण होतं, काही पत्ता नाही. हाच मजकूर उचलून दापोलीच्या किंवा गोंदियाच्या मुलाच्या वहीत ठेवला, तर एक अक्षर बदलावं लागणार नाही. 'सर्वांच्या काळजाचा' म्हणताना ते सर्व कोण, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

दुसऱ्या उताऱ्यात 'मोजू' हा शब्द आहे. केळी बागेत खोडावर मोजतात. वादळ येऊन गेलं की किती खोडं पडली याचा आकडा घरच्यांनी काढायचा, मग तलाठ्याची वाट पाहायची, पंचनामा व्हायचा. आजीनं वादळाबद्दल एकही विशेषण वापरलेलं नाही. तिनं उद्याचं काम सांगितलं. रडणं नाही, देवाला हाक नाही. घरातला सगळा कारभार आणि सगळी भीती त्या एका क्रियापदात आली, आणि मुलीनं ते ऐकून जसंच्या तसं ठेवलं. 'डोये मिटून पडले' हे वाक्य तर माझ्या ओळखीच्या काही नामवंत कथाकारांनाही सुचलं नसतं. सुचलं असतं तरी त्यांनी पुढं दोन ओळी आणखी लिहून त्याची वाट लावली असती.

आता चुका पाहू. नही, मंग, म्हने, सगयी, केयी, सकायी, कोनीच, पन, सगये, डोये. शिक्षकांनी या प्रत्येकीखाली रेघ मारली. पण मोजायचंच असेल तर नीट मोजू. 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' या दोन सवयींनीच बहुतेक सगळं भरलं. त्या पट्ट्यात बोलतात तसं मूल लिहीत आहे, आणि नेमानं लिहीत आहे. 'ळ' एकदा चुकला आणि एकदा बरोबर आला, असं कुठं झालेलं नाही. दुसरीकडे 'आईने', 'बाबांनी' ही रूपं पुस्तकातली आहेत, ती तिनं पुस्तकासारखी लिहिली. म्हणजे प्रमाणभाषेकडे ती निघालेली आहे आणि वाटेत नेमकी कुठं उभी आहे हे या उताऱ्यातून दिसतं. शिक्षकासाठी याहून मोलाची माहिती कोणती?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० साली प्रवेशाचे दरवाजे सगळ्यांना उघडले, तेव्हा अशी हजारो मुलं आली ज्यांना शाळेनं 'लिहिता येत नाही' म्हणून सोडून दिलं होतं. मीना शॉनेसी नावाच्या प्राध्यापिकेनं प्रवेशाच्या वेळी त्या मुलांनी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध बारकाईनं वाचले आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की या चुका बेशिस्तीच्या नाहीत. प्रत्येक मूल मनाशी काही एक नियम धरून लिहितं, तो नियम शोधा म्हणजे शिकवायला जागा सापडते. आपल्याकडे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली बोलणाऱ्या मुलांच्या वह्या घेऊन असं काम शाळाशाळांतून व्हायला हवं होतं. आपण त्याऐवजी 'दहा वेळा लिही' एवढंच सांगत आलो.

मात्र या मुलीच्या उताऱ्याला सोन्याचा मुलामा द्यायचीही गरज नाही. पुढं तिचं लेखन घसरलं आहे. सकाळचं काहीच आलेलं नाही, आणि शेवटी तिनं लिहिलं आहे: 'म्हणून सर्वांनी झाडे लावावीत, झाडे जगवावीत.' घरची केळी आडवी झाली आहे, आणि ही सर्वांना झाडं लावायला सांगते आहे! तिला ठाऊक आहे की निबंधाचा शेवट संदेशानं करायचा असतो. हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं नाही, आपण शिकवलं आहे. आणि त्या संदेशाखाली रेघ नाही, तिथं बरोबरची खूण आहे.

एकच लेखन वेगवेगळ्या हातांत किती वेगळं तोललं जातं, हे शिक्षणाच्या अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या नकला अनेक हायस्कुलांत पाठवल्या. एकीला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. भाषेत असं व्हायचंच, असं कुणी म्हणालं असावं, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिथं अंतर आणखी वाढलं. सर फिलिप हार्टोग हे नाव आपल्याकडे १९२९ च्या शिक्षणविषयक समितीमुळे माहीत आहे. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. विलायतेत परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ मध्ये निष्कर्ष छापले. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडे वर्ष-दीड वर्षानं पुन्हा दिल्या. २१० निकालांपैकी ९२ बदलले. माणसं तीच, पेपर तेच.

पण मला यांपैकी सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो पॉल डीडरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९६१ चा प्रयोग. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध घेतले आणि ५३ वाचकांना दिले. त्यांत भाषेचे शिक्षक होते, तसेच समाजशास्त्र आणि विज्ञान शिकवणारे, लेखक-संपादक, वकील आणि कंपन्यांतले अधिकारीही होते. कोणतेही निकष दिले नाहीत. नऊ श्रेणी करा, एवढंच सांगितलं. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. इथवर ऐकून लोक हसतात आणि विषय सोडून देतात. डीडरिकनं सोडला नाही. त्यानं पाहिलं की या गोंधळात गट आहेत. काही वाचक विचाराला गुण देत होते, काही मांडणीला, काही शब्दयोजनेला, काही व्याकरण-विरामचिन्हांना, आणि काही जण लिहिणाऱ्याचा खास असा जो स्वर असतो त्याला. म्हणजे ते बेफिकीर नव्हते. प्रत्येक जण नेमानंच वाचत होता, पण वेगळ्या नेमानं, आणि आपण कोणत्या नेमानं वाचतो हे त्यालाही सांगता आलं नसतं.

रावेरच्या त्या दोन उताऱ्यांचंही तेच आहे. व्याकरण पाहणारा पहिल्याला वर ठेवील, स्वर ऐकणारा दुसऱ्याला. दोघंही खोटं बोलत नाहीत.

मग आपल्या बोर्डाच्या परीक्षेत इतकी तफावत का दिसत नाही? कारण तिथं बंदोबस्त आहे. उत्तरसूची असते, परीक्षकावर नियामक असतो, नियामकावर मुख्य नियामक, गठ्ठ्यातले काही पेपर पुन्हा तपासले जातात. निकालानंतर छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. लाखो मुलांच्या परीक्षेत हे लागतंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण एकमत घडवण्याचा सोपा मार्ग कोणता, हे आपण उघड बोलत नाही. ज्यावर वाद होणार नाही तेवढंच मोजायचं. परिच्छेद पाडले आहेत का? सुरुवात-शेवट आहे का? म्हण, सुभाषित आलं आहे का? काना-मात्रा ठीक आहे? पान भरलं आहे? या पाचांवर दोन परीक्षक कधी भांडणार नाहीत. त्या मुलीनं 'मोजू' लिहिलं त्याचं काय करायचं, यावर भांडतील, म्हणून ते मोजणीतून बाहेर. गुण सारखे पडतात ते यामुळे.

लांबीचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत २००५ मध्ये निबंध आला, तेव्हा एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी दाखवून दिलं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त. पुढं २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंदच झाला. आपल्याकडे यासाठी प्राध्यापकाची गरज नव्हती. परीक्षा संपल्यावर मुलं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो 'पुरवण्या किती घेतल्यास?' हाच.

मुलं हुशार असतात. आपण कशाला गुण देतो हे त्यांना आपल्या आधी कळतं. गाईडमधला निबंध पाठ करणारं मूल आळशी नसतं, बाजारभाव ओळखून असतं. आता तर फोनला विषय सांगितला की चार परिच्छेद, एक सुभाषित आणि शेवटी संदेश असा निबंध अर्ध्या मिनिटात येतो, आणि आपल्या मुद्द्यांवर त्याला आठपैकी साडेसात द्यावेच लागतात. यात यंत्राची करामत फार नाही. आपण जे लेखन वर्षानुवर्षं मागत होतो, तेच त्यानं स्वस्त करून दिलं.

इथं मला पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा निबंध आठवतो. तो १८५५ साली छापला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा. ती तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध 'ज्ञानोदय'नं १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत दोन भागांत छापला. आज तो दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून नावाजला जातो, तो योग्यच आहे. पण त्या नावाजण्यात एक गोष्ट मागे पडते: हे एका शाळकरी मुलीनं केलेलं लेखन आहे.

तिची मांडणी पाहा. वेद आमचेच, असं म्हणणाऱ्यांना ती पेचात पकडते. वेद त्यांचे, तर वेदांप्रमाणे वागणंही त्यांचंच. आम्हाला ते ग्रंथ पाहायचीही मुभा नाही, मग आम्ही धर्माविना आहोत असंच झालं. आणि तिथून ती थेट देवाकडे वळते, की बाबा रे, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. हा तर्क आहे, आणि तो चौदाव्या वर्षी केलेला आहे. मग ती पेशवाईतल्या जुलमाचे दाखले देते. तालमीपुढून गेला म्हणून माणसाचं शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत, हे सांगताना ती ठिकाणाचं नाव घेते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसे, हे सांगताना ती वाचणाऱ्यांना विचारते, तुमच्या घरी बाळंतपणात काय त्रास होतो ते आठवा. आणि अखेरीला ती बोलते आपल्याच लोकांशी, की शिका. देव, वरच्या जातींचे लोक आणि आपली माणसं अशा तीन श्रोत्यांकडे ती आळीपाळीनं तोंड करते, आणि प्रत्येकाशी तिचा आवाज वेगळा आहे.

आता हा निबंध आपल्या आठ गुणांच्या खिडकीत आणा. 'वैचारिक लेखन' या प्रकारात आपण मुलांना दोन्ही बाजू मांडायला शिकवतो, फायदे आणि तोटे, मग सुवर्णमध्य. मुक्ताकडे सुवर्णमध्य नाही. 'एकांगी' हा शेरा मी आत्ताच पाहू शकतो. कदाचित 'भावनेच्या आहारी' हाही. मी तिला आदर्श म्हणून प्रत्येक वर्गात उभं करत नाही. दर वर्गात मुक्ता नसते, आणि प्रत्येक मुलाकडे सांगण्यासारखं इतकं जळजळीत असावं अशी इच्छा कोण करील? मी तो निबंध आणला तो आपली फूटपट्टी तपासायला. या निबंधात आणि गाईडमधल्या 'अस्पृश्यता: एक कलंक' अशा उताऱ्यात जिला फरक दिसत नाही, ती फूटपट्टी गुण देण्याच्या कामाची नाही.

आणखी एक. तो निबंध छापला गेला, याचा अर्थ तो कुणीतरी मजकूर म्हणून वाचला. मुलगी काय म्हणते आहे, ते खरं आहे का, लोकांपुढं जायला हवं का, असा विचार करून. शाळेत लिहिलेलं बहुतेक लेखन आज या दृष्टीनं एकदाही वाचलं जात नाही. ते तपासलं जातं.

इथं समोरून एक आक्षेप येणार, तो मीच मांडतो: मग शुद्धलेखन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ ची भर, हे सगळं शिकवायलाच हवं. ज्या मुलीच्या घरी 'डोये' म्हणतात, तिला 'डोळे' लिहिता येणं ही तिची गरज आहे. तलाठ्याकडे अर्ज तिलाच करायचा आहे. माझं म्हणणं हिशेबाचं आहे. कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला १६ गुण आहेत आणि लेखननियमांनुसार लेखन त्यातच तपासलं जातं. तिथं एकदा गुण गेले. मग पत्रात त्याच 'ळ'साठी पुन्हा, बातमीत पुन्हा, प्रसंगलेखनात पुन्हा. एका गुन्ह्याला चार वेळा दंड, आणि तोही घरी पुस्तकी मराठी बोलत नाहीत अशाच मुलांना. ज्या घरात 'पाणी'च म्हणतात, त्या मुलाला हे नियम फुकटात मिळालेले असतात, आणि आपण त्याला त्याबद्दल चार वेळा बक्षीस देतो. शुद्धतेचे गुण शुद्धतेच्या खात्यात एकदा घ्या. लेखन वाचताना लेखन वाचा.

शाळेच्या हातात काही आहे का, असं विचाराल. आहे. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे शाळेनं द्यायचे २० अंतर्गत गुण काढून टाकले आणि १०० गुणांची लेखी परीक्षा झाली, ते आठवत असेल. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ चा ७७.१० वर आला. हाहाकार झाला, गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. यावरून दोन तट पडले. एक म्हणे, बघा, अंतर्गत गुण म्हणजे खिरापत. दुसरा म्हणे, मुलांवर अन्याय झाला. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनीही पुढचा प्रश्न टाळला. वर्षभर मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हातात २० गुण आहेत, त्यांत तो असं काय पाहतो जे तीन तासांत अनोळखी परीक्षकाला दिसणार नाही? बहुतेक ठिकाणी उत्तर असं आहे की काहीच नाही. स्वाध्यायाची वही सजवलेली, कव्हर घातलेली, उत्तरं एकमेकांची उतरवलेली, आणि १८ किंवा १९ गुण.

२०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आशा वाटली होती. मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. वर्षा-दोन वर्षांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या. 'स्वतःचे विचार प्रभावीपणे मांडतो', 'लेखनात नावीन्य आणतो' अशी वाक्यं छापलेली, शिक्षकानं अनुक्रमांकासमोर उतरवायची. मुलांच्या गाईडवर आपण टीका करतो, तेव्हा हे आपलं गाईडही लक्षात असावं.

आता करायचं काय, ते सांगतो.

१९२७ मध्ये थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट मांडली. एखाद्या वस्तूला नेमका आकडा देणं माणसाला अवघड जातं, पण दोन वस्तू शेजारी ठेवून कोणती सरस ते सांगणं सोपं जातं. यावर उभी राहिलेली तुलनात्मक पद्धत आज इंग्लंडमधल्या कितीतरी शाळा मुलांच्या लेखनासाठी वापरतात. दोन निबंध समोर ठेवायचे आणि एकच सांगायचं, यांतला चांगला कोणता. गुण नाहीत, मुद्द्यांचा तक्ता नाही. असे निर्णय अनेक शिक्षकांनी अनेक जोड्यांवर दिले की त्यांतून सगळ्या निबंधांची उतरंड गणितानं निघते. एकाची आवड दुसऱ्याच्या आवडीनं सावरली जाते. आपल्याला संगणकही लागणार नाही. २० निबंध, ४ शिक्षक आणि एक दुपार पुरे.

खरा फायदा उतरंडीचा नाहीच. 'हा चांगला' म्हटल्यावर शेजारचा शिक्षक विचारतो, 'का?' आणि त्या 'का'चं उत्तर देताना आपण कसं वाचतो ते आपल्यालाच पहिल्यांदा ऐकू येतं. 'वर्णन अपुरे' असं लिहिणाऱ्या शिक्षकाला शेजारचा विचारील, अपुरे म्हणजे कुठं? मला तर सगळं दिसलं. हे भांडण स्टाफरूममध्ये व्हायला हवं. डीडरिकचे ५३ वाचक एका टेबलाभोवती बसले असते, तर काय झालं असतं याचं मला फार कुतूहल आहे.

दुसरं, अंतर्गत २० पैकी काही गुण लेखनाच्या फाइलीला द्यावेत. एकाच विषयावरचं पहिलं कच्चं लेखन, त्यावर शिक्षकानं विचारलेला एखादा प्रश्न, आणि मुलानं पुन्हा लिहिलेलं. वर्षात असे तीन-चार तुकडे पुरेत. गुण द्यायचे ते पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्याच्या मधल्या अंतराला. गाईडमधून उतरवलेल्या निबंधाचा दुसरा खर्डा करता येत नाही. फोनवरून घेतलेला करता येईल, पण 'आजी असं का म्हणाली?' या प्रश्नाचं उत्तर फोनला माहीत नसतं.

वर्गात ६०-६५ मुलं, तासिका ३५ मिनिटांची, निवडणुकीची कामं, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी. वेळ कुठून आणायचा? हे ऐकून ऐकून मला पाठ आहे आणि ते खरं आहे. म्हणून मी कमी तपासायला सांगतो आहे. सगळं लेखन तपासायचं, हा हट्ट सोडा. मुलांनी आठवड्याला लिहावं, आपण चारातलं एक वाचावं, ते कोणतं हे मुलानंच निवडावं. उरलेली तीन शेजारच्या बाकावरच्या मुलानं वाचावीत आणि खाली फक्त एक प्रश्न लिहावा. मुलांना एकमेकांचं वाचायला फार आवडतं, ते फक्त आपल्याला दाखवत नाहीत.

पालकांनीही एक पाहावं. छायाप्रत मागवून अर्ध्या गुणासाठी भांडण्याआधी घरात बसून तो निबंध शेवटपर्यंत वाचावा. बऱ्याच पालकांनी आपल्या मुलाचं सलग पानभर लेखन बालवाडीनंतर वाचलेलं नसतं.

संयोजकांशी बोलून मी एक गोष्ट ठरवून ठेवली आहे, ती सांगून थांबतो. पहिल्या घटक चाचणीनंतरच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, याच सभागृहात बसायचं. ज्या शाळांना यायचं आहे त्यांनी नववीच्या प्रसंगलेखनाच्या पाच-पाच नकला आणाव्यात. नावं आणि शाळेचा शिक्का झाकलेला असावा, गुण आणि शेरे नसावेत. लाल पेनं घरी ठेवून यावीत. मराठीचेच शिक्षक हवेत असं नाही. गणिताचे, विज्ञानाचे, चित्रकलेचे आले तर जास्त बरं, आणि एखादा पालक, एखादा बँकेतला माणूसही चालेल. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, जाताना तिच्यात नाव लिहा. आता प्रश्न विचारा.